जुना मोबाईल आणि सुशिक्षितांचें दप्तर

“गेलें तें गेलें, आतां नवा घ्या,” हें एक मत, आणि “एक ॲप टाका, सगळें परत येतें,” हें दुसरें. जुन्या मोबाईलमधून एखादें महत्त्वाचें लिखाण चुकून पुसलें गेलें, किंवा आतां घरोघरीं म्हणतात त्याप्रमाणें ‘डिलीट झालें’, म्हणजे या दोहोंपैकीं एक मत ऐकल्यावांचून कोणाहि गृहस्थाची सुटका होत नाहीं. पुण्यामुंबईस हीं मतें इंग्रजींत ऐकूं येतात, आमच्या श्रीगोंद्यास मराठींत ऐकूं येतात, एवढाच काय तो फरक. वरवर पाहतां हीं मतें परस्परविरुद्ध दिसतात. परंतु थोडा विचार केला असतां दोन्ही एकाच मुळाच्या फांद्या आहेत असें दिसून येईल. हातांतील यंत्रांत काय घडतें हें जाणून घेण्याचा कंटाळा, हें तें मूळ. हा कंटाळा अडाणी लोकांचा आहे असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. तो पदवीधरांचा आहे, वकिलांचा आहे, शिक्षकांचा आहे. आणि ज्यांच्या घरीं दोन दोन अभियंते आहेत अशा कुटुंबांचा तर तो विशेषेंकरून आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत मोबाईलच्या दुरुस्तीची चर्चा कशाला, असें कांहीं वाचक म्हणतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ही चर्चा दुरुस्तीची नाहीं, दप्तराची आहे. पूर्वीं घरचीं कागदपत्रें फडताळांत, पेटींत किंवा रुमालांत बांधलेलीं असत. त्यांस वाळवी लागे, पावसाळ्यांत ओल येई, भाऊबंदकींत एखादा कबाला नाहींसाहि होई. तरी कागद कोठें होता आणि तो कशानें गेला हें घरांतील म्हातारीसहि ठाऊक असे. आज तेंच दप्तर खिशांत आलें आहे. शेताचा सातबारा, मुलीचा शाळेचा दाखला, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, वडिलांनीं सांगितलेली कुळकथा, अर्धवट राहिलेला प्रबंध, उद्यांच्या भाषणाचें टांचण, सारें एका वीतभर कांचेच्या आंत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली, तेव्हांपासून आमच्या तालुक्यांतील शेतकरी उसाची आणि लिंबाच्या बागेची नोंदहि बांधावर उभा राहून मोबाईलवरून करूं लागला आहे. ज्या यंत्रावर एवढा भार टाकला, त्याच्या पोटांत कागद कसा राहतो आणि कसा जातो, याची विचारपूस करणें हें कमीपणाचें कां वाटावें?

येथें एक भेद मात्र आरंभींच केला पाहिजे. मोबाईलमधला सातबारा पुसला गेला म्हणून जे लोक कपाळास हात लावून बसतात, त्यांचें दुःख खरें असलें तरी अनाठायीं आहे. त्याची मूळ नोंद सरकारदप्तरीं आहे. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा संकेतस्थळावरून थोड्या शुल्कांत पुन्हां मिळतो. वाहन चालविण्याचा परवाना, परीक्षेचें गुणपत्रक, असे कितीतरी दाखले २०१५ पासून ‘डिजिलॉकर’मध्यें मिळूं लागले आहेत. जो कागद दुसऱ्या कोणाच्या दप्तरांतून निघाला तो तेथून पुन्हां निघेल. जो कागद घरानें स्वतः लिहिला, त्याचें काय? त्याला तहसील नाहीं, विद्यापीठ नाहीं, कोणाचाहि शिक्का नाहीं. त्याची एकच प्रत असते आणि ती आपल्या मोबाईलमध्यें असते. पहिल्या कागदासाठीं दिवसभर धांवपळ करणारा गृहस्थ या दुसऱ्या कागदाबाबत “जाऊं द्या, होतें काय त्यांत” असें म्हणतो, हें आम्हीं आपल्या कानांनीं ऐकलें आहे.

‘पुसणें’ या शब्दानेंच पुष्कळसा घोटाळा केला आहे. धुळपाटीवर काढलेल्या अक्षरावर हात फिरविला कीं अक्षर खरोखरच जातें. मोबाईलमध्यें तसें घडत नाहीं. तेथें पुसणें म्हणजे केवळ नोंद काढून टाकणें. ग्रंथालयाच्या सूचींतून एका पुस्तकाचें पत्रक उचलून घ्यावें आणि शिपायास सांगावें कीं, हा खण रिकामा समज. तसा हा प्रकार आहे. पुस्तक खणांतच असतें, मात्र तें मागितलें असतां मिळत नाहीं. आणि नवें पुस्तक दाखल झालें म्हणजे शिपाई जुनें काढून तेथें नवें ठेवतो. जुन्या मोबाईलच्या मेमरी कार्डावर ‘फॅट’ नांवाची जी मांडणी असते, तींत तर पुसलेल्या फाईलच्या नांवाच्या पहिल्या अक्षराच्या जागीं एक ठरीव खूण पडते, आणि मजकूर कोणकोणत्या खणांत आहे हें सांगणारी सांखळी मोकळी होते. मजकुरास कोणी हातहि लावीत नाहीं. शिवाय ज्या ‘फ्लॅश’ स्मृतीवर हें सारें लिहिलें जातें, आणि जी जपानांत तोशिबा कंपनींत असतांना फुजिओ मासुओका यांनीं १९८० नंतरच्या दशकांत शोधून काढली, तिचा स्वभावच असा आहे कीं, लिहितांना एकेक पान लिहितां येतें, परंतु खोडतांना पानांचा सबंध गठ्ठा एकदम खोडावा लागतो. म्हणून यंत्र खोडण्याचें काम लांबणीवर टाकतें. कचेरींतल्या कारकुनाचा हा गुण त्यानें उचलला आहे, आणि या एका प्रसंगीं तो आपल्या कामीं येतो.

सूची गेली तरी पुस्तक शोधतां येतें. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनीं तयार केलेला ‘फोटोरेक’ नांवाचा एक कार्यक्रम आहे. तो फुकट मिळतो. तो सूचीकडे पाहातच नाहीं. एका टोंकापासून खणामागून खण पाहात जातो आणि आरंभींच्या अक्षरांवरून पुस्तक ओळखतो. पीडीएफ फाईल असेल तर तिच्या आरंभीं टक्क्याची खूण व ‘पीडीएफ’ हीं अक्षरें असतात. अलीकडच्या वर्ड फाईलच्या आरंभीं ‘पी’ व ‘के’ हीं दोन अक्षरें असतात, व तीं फिल कॅट्झ या अमेरिकन गृहस्थाच्या नांवाचीं आद्याक्षरें होत, कारण फाईल आवळून बांधण्याची ती रीत त्याची. या शोधांत फाईलचें नांव परत मिळत नाहीं; अनामिक कागदांचा ढीग हातीं येतो, आणि त्यांतून आपला कागद निवडण्याचें काम माणसालाच करावें लागतें. मजकूर तुकड्यातुकड्यांनीं दूरदूरच्या खणांत पडला असेल तर तो अर्धामुर्धाच येतो. पण येतो. “गेलें तें गेलें” म्हणणाऱ्या पक्षानें हा ढीग कधीं डोळ्यांनीं पाहिलेला नसतो.

आतां दुसरा पक्ष. “एक ॲप टाका” हा त्याचा मंत्र. ज्या स्मृतींतला कागद परत मिळवावयाचा, त्याच स्मृतींत हें नवें ॲप उतरवून घ्यावयाचें! ज्या खणांत आपलें पुस्तक अजून आहे त्याच खणांत नवें पुस्तक ठेवावयास आपणच शिपायास पाठवावें, असा हा उपाय आहे. आणि एवढें करून हातीं काय लागतें? फोनच्या आंतील मूळ खणांपर्यंत जाण्याची परवानगी साध्या ॲपास नसते. म्हणून बहुतेक ॲपें चित्रांच्या लहान लहान नकला तेवढ्या गोळा करून दाखवितात, आणि ‘अधिक शोधासाठीं पैसे भरा’ अशी पाटी पुढें करतात. भोळा मनुष्य त्या चित्रांवरून समजतो कीं, कागदहि मागाहून येत असेल. त्याच वेळीं फोन चालूच असतो. व्हॉट्सॲपवर सुप्रभाताचीं फुलें येत असतात, वऱ्हाडाचीं छायाचित्रें येत असतात, आणि प्रत्येक फूल कोठल्यातरी रिकाम्या समजलेल्या खणांत जाऊन बसत असतें.

जुना आणि नवा असा फोनांत भेद न करतां बोलणें, हें दोन्ही पक्षांचें आणखी एक वैगुण्य. अँड्रॉइडच्या ४.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, फोन निवांत असतांना, बहुधा रात्रीं चार्जिंगला लावलेला असतांना, कोणते खण रिकामे समजावयाचे हें आंतील स्मृतीस कळवूं लागला. आणि स्मृति ते खण खरोखरच झाडून काढूं लागली. म्हणून कागद पुसला गेल्यावर “सकाळीं पाहूं” असें म्हणून फोन चार्जिंगला लावून निजणें यासारखी घातक गोष्ट दुसरी नाहीं. पुढें २०१६ सालीं ७ व्या आवृत्तींत प्रत्येक फाईल वेगळ्या किल्लीनें कुलूपबंद करण्याची सोय आली, आणि २०१९ च्या १० व्या आवृत्तीपासून नव्या फोनांस ती सक्तीची झाली. अशा फोनांत फाईल पुसली कीं तिची किल्लीहि जाते. मग खण जसाचा तसा सांपडला तरी आंत निरर्थक अक्षरांचा भुसा. येथें “गेलें तें गेलें” हें म्हणणें बहुतांशीं खरें आहे. परंतु २०१३ च्या आसपासचा, मेमरी कार्ड घालावयाची फट असलेला, कुलूप नसलेला जो फोन आज घरोघर कपाटांत पडला आहे, ज्यास मुलें ‘डबडें’ म्हणतात, त्याच्या कार्डावरचा कागद मात्र परत मिळण्याची आशा धरण्यासारखी असते. नव्यापेक्षां जुन्यांत आशा अधिक, असा हा उलटा न्याय आहे. आणि “नवा घ्या” म्हणणारा पक्ष नेमकें हेंच डबडें बदल्यांत देऊन टाकावयास सांगत असतो.

आंतील स्मृतीचें काम अवघड आहे हें आम्ही लपवूं इच्छित नाहीं. अगदीं पहिले अँड्रॉइड फोन संगणकास जोडले असतां आपली सांठवण उघडी करून देत. २०११ च्या सुमारास ती पद्धत मागें पडूं लागली, आणि फोन आतां स्वतःस वाटतील तेवढींच नांवें संगणकास सांगतो, खण दाखवीत नाहीं. खण पाहावयाचे तर फोनचें मूळ कुलूप काढावें लागतें. आणि तें कुलूप अधिकृत रीतीनें काढतांच पुष्कळ फोन आपली सर्व स्मृति आपण होऊन धुऊन टाकतात. दवाखान्याच्या दारांत पाऊल टाकतांच रोग्यानें प्राण सोडावा, तसा हा प्रकार. म्हणून कार्डाची गोष्ट वेगळी आणि आंतल्या स्मृतीची वेगळी, हें ज्यास ठाऊक नाहीं त्यानें इतरांस सल्ला देऊं नये, एवढें तरी आम्ही मागूं शकतों.

असा सल्ला किती महाग पडतो याचें एक उदाहरण आमच्या तालुक्यांतलेंच आहे. एका सेवानिवृत्त शिक्षकांनीं आपल्या आईच्या तोंडच्या जात्यावरच्या ओंव्या तिच्या शेवटच्या दोन वर्षांत ऐकून ऐकून एका जुन्या मोबाईलवर टंकून ठेविल्या होत्या. बोट कांपे, जोडाक्षर साधेना, तरी त्यांनीं नेटानें काम केलें. फाईल कार्डावर होती. आई गेली. पुढें एके दिवशीं नातवानें खेळासाठीं जागा करतांना कांहीं फायली पुसल्या, त्यांत ही गेली. शिक्षकांनीं पुण्यास असलेल्या अभियंता मुलास विचारलें. मुलानें कामाच्या गर्दींत एका वाक्यांत ॲपाचें नांव सांगितलें; तें उतरलें कार्डावरच, कारण फोनमध्यें जागा नव्हती. त्यानें कांहीं होईना, तेव्हां दोन दिवस फोन तसाच वापरला गेला. त्यांत एका लग्नाचें चित्रीकरण झालें. मग फोन एका दुकानीं गेला. तेथें “कार्ड नीट वाचत नाहीं, साफ करूं काय?” असें विचारण्यांत आलें, आणि शिक्षकांनीं ‘साफ’ या शब्दाचा आपल्या भाषेंतला अर्थ घेऊन होकार दिला. शेवटीं महाविद्यालयांत शिकणाऱ्या एका मुलानें तें कार्ड वाचकयंत्रांत घालून, प्रथम त्याची खणवार नक्कल काढून, त्या नकलेवर शोध चालविला. लग्नाचे तुकडे निघाले. ओंव्यांची फाईल निघाली नाहीं. जें त्यानें शेवटीं केलें तेंच पहिल्या तासांत झालें असतें तर ती निघण्याचा संभव मोठा होता.

हेमा रायरकर व गी पॉइटवॅं यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओंव्या जमविल्या, आणि २०१७ पासून ‘परी’ या संस्थेनें त्या प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, ही गोष्ट पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. परंतु त्यांची वही ज्या उंबऱ्यापर्यंत गेली नाहीं, तेथल्या ओंव्या घरच्या माणसांनींच राखावयाच्या होत्या. त्या वरील घरानें राखल्याहि होत्या. त्या बुडाल्या त्या अज्ञानी नातवामुळें नव्हे. त्याचें पुसणें हें केवळ सूचींतलें पत्रक काढणें होतें. त्या बुडविल्या पुढल्या तीन शहाण्यांनीं.

यावर एक ठराविक उत्तर येतें. “हें तंत्रज्ञांचें काम आहे, आम्ही साहित्याचे, कायद्याचे, इतिहासाचे लोक. आम्हांस यांत काय कळणार?” बांधावर साप चावला असतां विषावर औषध देणें हें डॉक्टरचें काम आहे, हें खरें. परंतु चावलेला पाय हलवूं नये, जखमेवर चिरा देऊं नयेत, मांत्रिकाकडे न नेतां रुग्णालयांत न्यावें, हें डॉक्टर येण्यापूर्वींचें ज्ञान घरच्यांसच असावें लागतें. तेवढेंच ज्ञान आम्ही येथें मागत आहोंत. फोन तत्काळ बंद करावा. कार्ड असेल तर काढून कागदांत गुंडाळून ठेवावें. त्यावर कांहीं लिहूं नये, तें ‘साफ’ करूं देऊं नये. ज्यास खणवार नक्कल म्हणजे काय हें समजतें अशाच माणसाच्या हातीं तें द्यावें. आणि तोंवर ज्या ज्या कोणास तो कागद कधीं काळीं पाठविला असेल त्यास विचारावें, कारण पाठविलेली प्रत त्याच्या फोनमध्यें किंवा टपालपेटींत अजून निजलेली असूं शकते. एवढें शिकण्यास अभियंता होण्याची गरज नाहीं. ज्या वर्गास इंग्रजी काव्याचें वृत्त समजतें, आयकराचीं कलमें समजतात, त्यास एवढें समजत नाहीं असें म्हणणें हा विनय नव्हे.

या वर्गाचें हें वागणें नवेंहि नाहीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढें तिचे बावीस खंड झाले. त्यांसाठीं ते गांवोगांव पायपीट करीत हिंडले तेव्हां त्यांच्या वाट्यास काय आलें? दप्तरें माळ्यावर कुजत होतीं, रद्दी म्हणून विकलीं जात होतीं, वाण्याच्या पुडीस लागत होतीं; आणि ज्यांच्या घरीं हें चाललें होतें त्यांतले कितीएक शिकलेसवरलेले होते. मोडी आपणांस वाचतां येत नाहीं, मग तो कागद ठेवून काय करावयाचें, असा त्यांचा हिशेब. आजच्या आमच्या सुशिक्षिताचा हिशेब अक्षरशः तोच आहे: फोन जुना झाला, तो उघडतां येत नाहीं, मग ठेवून काय करावयाचें? त्या पिढीस आम्ही वर्गांत नांवें ठेवतों, आणि घरीं येऊन नव्या फोनच्या किंमतींत हजार-दोन हजारांची सूट मिळते म्हणून अख्खें दप्तर दुकानदाराच्या हवालीं करतों.

हवालीं करतांना तें रिकामें असतें अशी जी समजूत आहे, तीहि तपासून पाहण्यासारखी आहे. २०१५ सालीं केंब्रिज विद्यापीठांतील लॉरेंट सायमन व रॉस अँडरसन या संशोधकांनीं पांच कंपन्यांचे २१ वापरलेले अँड्रॉइड फोन घेऊन, ‘सर्व पुसून टाका’ ही आज्ञा दिल्यावर त्यांत काय उरतें तें पाहिलें. ते फोन २.३ पासून ४.३ पर्यंतच्या आवृत्तींचे होते. त्यांतून संदेश, छायाचित्रें, एवढेंच काय, मूळ मालकाच्या गूगल खात्यांत शिरण्याची खूणहि परत मिळाली. आणि अशा रीतीनें नीट न पुसले जाणारे फोन जगांत ५० कोटींपर्यंत असावेत असा त्यांनीं अंदाज केला. म्हणजे आपणांस हवा असलेला कागद ज्या कारणानें परत मिळतो, त्याच कारणानें आपला नको तो कागद परक्याच्या हातीं पडतो. ‘नवा घ्या’ पक्षास ही दुसरी बाजू कोणी सांगत नाहीं. आणि नव्या फोनांतील कुलपांची थोरवी खरोखर कशांत आहे हेंहि येथेंच कळतें. त्या कुलपांविरुद्ध आमची तक्रार नाहीं.

कायद्याच्या दृष्टीनेंहि जुना फोन म्हणजे रद्दी नव्हे. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं निर्णय दिला. त्याचा आशय असा कीं, यंत्रांतल्या नोंदीची नक्कल पुराव्यांत द्यावयाची तर कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र जोडलें पाहिजे. परंतु ज्या यंत्रांत ती नोंद मूळ आहे तेंच यंत्र त्याच्या मालकानें साक्षीस उभें राहून हजर केलें तर प्रमाणपत्राचें कारण नाहीं. तो जुना पुराव्याचा कायदा १ जुलै २०२४ पासून गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. प्रमाणपत्राची अट त्यांतहि आहे. जमिनीच्या व्यवहाराचीं बोलणीं, उसन्या पैशांची कबुली, हें सारें आज संदेशांतून चालतें. तो संदेश ज्या फोनमध्यें आला तो फोन हाच मूळ कागद. मूळ कागद देऊन कोणी सूट घेतो काय? वकीलमंडळींस हें सांगावें लागावें याचें आम्हांस नवल वाटतें.

राहतां राहिला ‘क्लाउड’चा आधार. “आमचें सगळें क्लाउडवर असतें,” असें मोठ्या समाधानानें सांगणारे गृहस्थ आतां खेड्यांतहि भेटतात. असेल, परंतु तेथें असलेली वस्तु ही पुष्कळदां नक्कल नसून आरशांतलें प्रतिबिंब असतें. फोनमध्यें पुसलें कीं तेथेंहि पुसलें जातें. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटींत तें ३० दिवस थांबतें, गूगल फोटोजमध्यें नक्कल झालेलें छायाचित्र ६० दिवस थांबतें, आणि मग जातें. ज्याचा परवलीचा शब्द एकट्या वडिलांस ठाऊक होता असें खातें वडिलांबरोबर जातें, ही गोष्ट निराळीच. नक्कल म्हणजे मूळ नष्ट झालें असतां जी उरते ती. राजवाड्यांस पाटांगण येथें सांपडलेली ज्ञानेश्वरीची पोथी पुढें नाहींशी झाली. १९०९ सालीं त्यांनीं छापून काढलेली प्रत राहिली. आमच्या गांवच्या शेख महंमदबाबांचा ‘योगसंग्राम’ आज वाचावयास मिळतो, तो त्यांच्यानंतर कोणी कोणी बसून उतरून घेतला म्हणून. तुकोबांच्या वह्या इंद्रायणींतून कोरड्या निघाल्या ही श्रद्धा ज्यास ठेवावयाची त्यानें ती जरूर ठेवावी. पण त्याच परंपरेंत संताजी जगनाडे यांनीं अभंग लिहून ठेवल्याचीहि कथा आहे, आणि तिजकडे आमच्या भाविक वर्गाचें लक्ष कमीच जातें. नदीनें परत दिलें, एवढें त्यास पुरतें. मोबाईलविषयींहि त्याची भावना थेट तीच आहे: कोठून तरी परत येईलच.

जे आतां कपाटांतले जुने फोन सांभाळूं म्हणतील त्यांस एक सूचना द्यावयाची राहिली. फ्लॅश स्मृति हा ताम्रपट नव्हे. तींतलें अक्षर म्हणजे एका सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विजेचा भार; फोन वर्षानुवर्षें वीज न मिळतां पडून राहिला तर तो भार हळूहळू झिरपून जातो, आणि आमच्याकडच्या वैशाखांत पत्र्याखालच्या खोलींत तर लवकर जातो. बॅटरी फुगून मागचें झांकण उचललें गेलें असेल तर फोन चार्जिंगला लावूं नये, आधीं जाणत्याकडून ती बदलून घ्यावी. नाहीं तर या दिवाळीस कपाटें आवरतांना तो फोन बाहेर काढावा, चालू करावा, त्यांत घरानें लिहिलेलें जें जें असेल तें संगणकावर उतरून घ्यावें, त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या भावाबहिणीकडे ठेवावी, आणि शक्य तर कागदावर छापून घ्यावें. बहुधा असें होईल कीं, फोन सांपडेल आणि त्याचा चार्जर सांपडणार नाहीं, कारण त्या जुन्या चपट्या टोंकाचे चार्जर आतां नव्या फोनांबरोबर येत नाहींत. तो बाजारांत अजून मिळतो. दोन घेऊन ठेवावेत.